आत्यानं मागितलेली ओवाळणी

"मशीन बिघडलंय वाटतं," सिस्टर म्हणाली आणि माझ्या डाव्या दंडावरचा बीपीचा पट्टा सोडून तिनं तो पुन्हा गुंडाळला.

शेजारच्या खाटेवर माझा आतेभाऊ इंद्रजित आडवा पडला होता. त्याच्या दंडात सुई होती, पिशवी भरत होती आणि तोंड नेहमीसारखं चालू होतं.

"मशीन चांगलं आहे सिस्टर. बाईच बिघडलीय. लहानपणापासून अशीच आहे."

"तू गप पड जितू. रक्त काढलं तरी जीभ काही कमी होत नाही तुझी."

तासगावात जितूच्या गल्लीतल्या मंडळानं गणपतीत रक्तदान शिबिर ठेवलं होतं. मी सांगलीहून आत्याकडे आले होते आणि जितूनं चिडवलं म्हणून खाटेवर चढले होते. सिस्टरनं दुसरं मशीन आणलं. मग तेही बाजूला ठेवून माझं मनगट धरलं, बोटं इकडं सरकवली, तिकडं सरकवली. उजवं मनगट धरून पाहिलं आणि शिबिराच्या डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टरांनी दोन्ही मनगटं एकदम धरली. "डाव्या हाताला नाडीच लागत नाही हो. हात दुखतो का?"

"कपडे वाळत घालताना भरून येतो. वेणी घालताना पण."

"कधीपासून?"

"लक्षात नाही. बायकांचे हात दुखतातच की."

जितू खदखदून हसला. "म्हणजे आमची वैजू डाव्या बाजूनं गेलेली आहे. उजव्या बाजूनं तेवढी जिवंत!" सगळा मांडव हसला. मीही हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला खाटेवरून उतरवलं आणि पुण्याला दाखवा, लवकर दाखवा, असं बजावून पाठवलं.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, सांगलीत एका वाचनालयात नोकरीला. आई मी शाळेत असतानाच गेली. घरात वडील, म्हणजे आबा, आणि मी. पण मला आई नव्हती असं म्हटलं तर आत्यावर अन्याय होईल. दर सुट्टीला तिनं मला तासगावला नेलं, न्हाऊ घातलं, उवा काढल्या, साडी नेसायला शिकवलं. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. माझ्या बारशालाच आत्यानं पाळण्यात डोकावून "ही माझी सून" असं सगळ्यांदेखत सांगितलं होतं म्हणे. त्यामुळं जितू मला आवडतो का, हे मला कुणी कधी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. घरच्या विहिरीला पाणी आहे का, असं कुणी रोज उठून विचारतं का? आहेच, म्हणून माणूस पोहरा सोडतो.

पुण्याला आम्ही चौघं गेलो. आबा, मी, आत्या आणि जितू. तिथल्या सोहनी मॅडम बुटक्या, चष्मेवाल्या आणि फार शांत बोलणाऱ्या होत्या. तपासण्या झाल्या. मग त्यांनी आम्हाला समोर बसवलं.

"याला ताकायासू म्हणतात," त्या म्हणाल्या. "ज्या जपानी डॉक्टरांनी तो पहिल्यांदा ओळखला त्यांचं नाव. आपल्या अंगात रोगाशी लढणारी फौज असते. या आजारात ती फौज चुकून आपल्याच मोठ्या रक्तवाहिन्यांवर तुटून पडते. त्यांच्या भिंती सुजतात, वाट अरुंद होते. तुझ्या डाव्या हाताची वाट जवळजवळ बंद झालीय. आजूबाजूच्या बारीक वाटांनी रक्त पोचतंय, म्हणून हात चालतोय."

"जपानी?" आत्या आबांकडं वळली. "आपल्यात जपानला कोण गेलंतं?"

मॅडम हसल्या. "जायला लागत नाही हो. आपल्याकडेही होतो. क्वचित होतो, आणि तरुण मुलींना जास्त."

"पर आलं कुठनं हे?"

"खरं सांगू? नक्की कुणालाच माहीत नाही. काही माणसांच्या रक्तात जन्मापासून एक खूण असते. आईवडिलांकडून आलेली. ती असली की हा आजार होण्याची शक्यता थोडी वाढते. शक्यता म्हणतेय मी, आजार नव्हे. खूण असलेली पुष्कळ माणसं आयुष्यभर ठणठणीत राहतात. आणि खूण नसताना आजार झालेलेही माझ्याकडे येतात." त्या या खुणेचाच अभ्यास करत होत्या. घरच्यांनीही रक्त दिलं तर मदत होईल, म्हणाल्या. ज्याचा त्यालाच निकाल कळेल, दुसऱ्या कुणाला नाही. तिघांनीही हात पुढं केला. जितूनं तर बाही आधीच वर केली होती.

मॅडम एवढं नीट, एवढं सावकाश बोलल्या होत्या. पण पुण्याहून परत येताना त्यांच्या बोलण्यातला 'शक्यता' हा शब्द साताऱ्याच्या आसपास कुठंतरी गळून पडला आणि घरी पोचला तो 'रक्तातलं' एवढाच. गाडीत आत्या खिडकीकडं तोंड करून बसली होती. इतर वेळी तिनं माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं असतं.

गोळ्या सुरू झाल्या. माझा चेहरा सुजून वाटोळा झाला, केस गळायला लागले. आरशात पाहिलं की वाटायचं, ही बाई आपल्या घरात राहायला कधी आली?

भाऊबीजेला आत्या आली. जितू तिला मोटरसायकलवरून दारात सोडून "मार्केट यार्डात काम आहे, येतोच" म्हणून गेला. आत्यानं आबांना पाटावर बसवलं, टिळा लावला, ओवाळलं. आबांनी तबकात साडी ठेवली. आत्यानं ती उचलून पाटावर परत ठेवली.

"दादा, साडी नको. मी दुसरं मागती. देशील?"

"माग की."

"इंद्रजितला मोकळं कर."

मी फराळाची ताटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आत्यानं मला पाहिलं होतं. तरी ती थांबली नाही, कारण थांबली असती तर तिच्यानं पुढं बोलवलंच नसतं.

"बारशाला मीच शब्द टाकला हुता, मीच मागं घेतीया. वैजी माझी लेकच हाय रं. पर आधीच एक रक्त. त्यात दोन्हीकडनं तेच उतरलं तर नातवंडांचं काय व्हायचं? आणि तूच न्हाई म्हण दादा. मुलीकडनं नको आलं तर पोरीला कुणी नावं ठेवणार न्हाई."

आबांनी तबकातल्या निरांजनाची वात सारखी केली. "भाऊबीजेला मागितलंस," ते म्हणाले. "आता काय बोलू मी? दिलं, जा."

मग आत्या रडली. पदरानं तोंड पुसत माझ्याजवळ आली, माझ्या विरळ झालेल्या केसांवरून हात फिरवला. "बस हितं. दिवाळीचं तेल लावलंस का न्हाई? ये, लावती."

"नको. माझं मी लावते."

आयुष्यात पहिल्यांदाच मी तिला नको म्हटलं. तिनं हातातली तेलाची वाटी खाली ठेवली. ती गेल्यावर मी तेल लावायला बसले, तर डावा हात डोक्यापर्यंत पोचायच्या आधीच दगडासारखा जड झाला. एका हातानं जमेल तेवढं लावलं. जितू तिला न्यायला आला तेव्हा त्यानं बाहेरूनच हॉर्न वाजवला होता.

मी त्याला दोष दिला नाही. आईपुढं त्याची बोलती बंद होते हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मनातल्या मनात मी त्याची वकिली करत राहिले. त्याचा काय इलाज? आत्याचा तरी काय? आडवं आलंय ते रक्त. रक्तापुढं कुणाचं चालतं! माणसावर रागावता येतं, रक्तावर कसं रागावणार? या एका विचारावर मी तो हिवाळा काढला.

पण घर फार मोठं झालं. पूर्वी आम्हा बापलेकीच्या जेवणात तासगाव असायचं. आत्या काय म्हणाली, द्राक्षं कशी आहेत, जितूनं कुणाशी भांडण उकरून काढलं. आता आबा "मीठ दे" म्हणायचे आणि मी मीठ द्यायची. वाचनालयात वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला मी शिपायाला हाक मारायची. लोक चांगलेच वागायचे, फार चांगले, आणि थोडं लांबून. रविवारी गल्लीत मोटरसायकल वाजली की मी अजूनही खिडकीत जायची. दुसऱ्याच कुणाची तरी असायची. आत्याची तर इतकी आठवण यायची की तिच्यावर धड रागावताही येईना.

द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असताना एके दुपारी जितू वाचनालयात आला. हातात द्राक्षांची पेटी. ती माझ्या टेबलावर ठेवली आणि समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसला. तोंड पांढरंफटक.

"सोहनी मॅडमचा फोन आला होता," तो म्हणाला. "मला आहे."

"काय आहे?"

"ती खूण. रक्तातली. मला आहे, वैजू."

"मला नाही," मी म्हणाले.

"काय?"

"मला त्यांनी मागच्या आठवड्यात कळवलं. माझ्यात ती खूण नाही."

"असं कसं? आजार तर तुला आहे!"

"तेव्हाच सांगितलं होतं त्यांनी. खूण नसताना पण होतो. आपण कुणी ऐकलं नाही."

तो डाव्या मनगटावर बोटं ठेवून नाडी शोधत होता. बोटं सारखी इकडून तिकडं हलवत होता, मग नाडी लागणार कशी? मी टेबलावरून वाकून त्याचं मनगट धरलं. चांगली टणाटण उडत होती.

"आहे," मी म्हणाले. "आणि राहील. ऐक माझं. तुमच्या बागेत सगळ्या वेली एकाच जातीच्या ना? दावण्या रोग आला तर सगळ्यांवर पडतो?"

"नाही. एखादी ओळ जाते, शेजारची वाचते."

"का वाचते?"

"ते कोण सांगणार? ओल, वारं, फवारणी, नशीब. दहा गोष्टी असतात."

"मग हे तसंच आहे. खूण म्हणजे नुसती जात. रोग नव्हे. आणि ती आत्याकडूनच आली असं तरी कशावरून? तुझ्या वडिलांकडून, तात्यांकडूनही आली असेल."

त्याच्या तोंडावर हळूहळू रंग परत आला. शिबिरात मला हसलेला जितू तो हाच, आणि आता मी त्याला धीर देत होते. त्याला धीर देता देता माझ्याच छातीत काहीतरी भलतंच वर यायला लागलं. माझ्यात खूण नाही. म्हणजे दोन्हीकडून तेच उतरण्याचा प्रश्नच मिटला. आत्या ज्याला भ्याली ते माझ्या बाजूला नव्हतंच. भिंत होती ती पडली. त्यालाही हे दिसत असेलच, मी मनात म्हटलं. एवढ्या भर उन्हात, हंगाम सोडून, तो इथवर आला तो काय उगीच? मी ओढणी सारखी केली आणि वाट पाहिली.

"वैजू, एक मागू?"

"माग."

"हे कुणाला बोलू नकोस. आईला पण नाही. विट्याचं स्थळ जवळजवळ ठरत आलंय."

मी हो म्हटलं. द्राक्षं गोड होती. तो गेल्यावर मी एकटीनं त्यातली मूठभर खाल्ली, म्हणून सांगते. भ्यालाय बिचारा, मी स्वतःला म्हटलं. वकिली सुटत नाही एकदा लागली की.

साखरपुडा झाला. मग केळवणं सुरू झाली. भाच्याचं केळवण मामाच्या घरी व्हायलाच हवं, त्याशिवाय तो बोहल्यावर चढायचा कसा? आबा म्हणाले, "बाहेरून मागवू सगळं. तुझा हात..." मी म्हटलं, "मामाच्या घरी भाचा हॉटेलचं जेवला असं तासगावात म्हणू देत का?" श्रीखंड-पुरीचा बेत मीच केला. जोडीनं बोलवायची पद्धत नुकतीच आली होती, त्यामुळं नवरीही आली. रेवती तिचं नाव. विट्यात तिच्या वडिलांचे यंत्रमाग होते. काळीसावळी, उंच, जरा मोठ्यानं बोलणारी मुलगी. बाहेर आबा, आत्या आणि जितू बसले आणि ही साडीचा पदर खोचून सरळ माझ्याकडं स्वयंपाकघरात आली.

"ताई, लाटू का? एका हातानं कशाला ओढाताण करताय?"

मी पोळपाट तिच्याकडं सरकवला आणि तळायला उभी राहिले. ती भराभर लाटत होती. थोड्या वेळानं हात न थांबवता म्हणाली, "एक विचारू? राग मानू नका."

"विचार की."

"तुम्हाला जे झालंय ते घराण्यातलं आहे म्हणे. आमच्या पप्पांच्या कानावर आलंय. ते यांच्यात पण आहे का?"

कढईत पुरी टम्म फुगली होती. मी ती काढली. शब्द मोडला तर चुगलखोर, पाळला तर लबाड. आणि ही मुलगी तर नवऱ्याच्या घरची म्हणून माझ्यावर विश्वास ठेवून विचारत होती.

"जितू," मी हाक मारली. "जरा आत ये."

तो आला. आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघूनच त्याला कळलं असावं. मी म्हटलं, "रेवती विचारतेय, माझं जे आहे ते तुझ्यात आहे का."

तो भिंतीला टेकला. "तू सांग ना. तुला सगळं नीट सांगता येतं."

"माझ्याबद्दल मी सांगते. तुझ्याबद्दल तू सांग."

मग त्यानं सांगितलं. जमिनीकडं बघत, अडखळत, पण सांगितलं सगळं. खूण आहे हे सांगितलं, लपवलं होतं हेही सांगितलं. तो थांबल्यावर राहिलेलं मी भरलं. मॅडम बोलल्या होत्या तसंच्या तसं बोलले, 'शक्यता' सकट. काही वाढवलं नाही, काही कमी केलं नाही. त्याच्या बाजूनं जेवढं खरं बोलता येत होतं तेवढं सगळं बोलले. माझ्याबद्दल हे असं कुणीतरी कुणापुढं तरी बोलावं, असं मला फार वाटलं होतं.

रेवती लाटणं हातात धरून ऐकत होती. "म्हणजे यांना आजार झालेला नाही?"

"नाही."

"होईलच असंही नाही?"

"नाही. पण होणारच नाही असंही कुणी सांगू शकत नाही."

"एवढंच होय!" ती म्हणाली. "माझा जीव गेला ना इथं उभ्या उभ्या! आमच्या घरात आजोबांपासून सगळ्यांना साखर आहे, मी सांगितलं होतं का तुम्हाला? उद्या मला झाली तर काय सोडून देणार आहात?" ती त्याच्याकडं बघून हसली आणि परत लाटायला लागली. "आणि हो, लपवलंत त्याचं मी नंतर बघते. ताई, पुरी जळतेय."

पुरी खरंच करपली होती. मी ती काढून बाजूला ठेवली. हात चालत होते, पण आत सगळं थांबलं होतं. एवढंच होय. परक्या घरची ही मुलगी, जितूला चार वेळा पाहिलं असेल नसेल, हातातलं लाटणं खाली न ठेवता हे बोलून गेली. मी भाऊबीजेपासून याच शब्दांची वाट पाहत होते. रक्ताची भिंत, आईची भीड, नातवंडं, मी काय काय रचलं होतं त्याच्यासाठी! दारात हॉर्न वाजवणाऱ्या माणसाला उतरून दोन पायऱ्या चढायला रक्त कुठं आडवं येत होतं?

जेवणं झाली. आत्यानं दोनदा श्रीखंड मागून घेतलं, मला बरं वाटावं म्हणून. तिला तेवढंच जमत होतं. निघायच्या वेळी ती आणि रेवती आबांच्या पाया पडत होत्या, तेव्हा जितू पाणी प्यायच्या निमित्तानं आत आला.

"वैजू," तो हळू आवाजात म्हणाला, "मला तेव्हा हे सगळं नीट कळलं असतं ना, तर मी आईला..."

तो खरंच बोलत होता. त्याचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वास बसलेला होता, आणि मी होकार भरला असता तर माझाही जन्मभर बसला असता.

"रेवतीला तरी आज सकाळपर्यंत काय कळलेलं होतं, जितू?" मी म्हटलं.

त्यानं पाणी न पिताच भांडं ओट्यावर ठेवलं. बाहेरून रेवतीनं त्याला हाक मारली आणि तो गेला.